डंपलिंग-नूडल्सच्या हॉटेलात सात जणांची ऑर्डर कशी लावावी? (ठाणे / वाशी / सीवूड्स)

तलावपाळी

पुढच्या शनिवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. दुपारचं जेवण घरीच. संध्याकाळी भाच्याच्या हट्टामुळे डंपलिंग आणि नूडल्सवाल्या चायनीज हॉटेलात जायचं ठरलंय. आम्ही ठाण्याचे, ताईकडचे नेरूळचे, म्हणून वाशी किंवा सीवूड्स बघतोय. सात जण आहोत. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबांना कवळी आणि बीपी. भाचा सहा वर्षांचा. बाकी चौघे पोर्क सोडून सगळं खातात.

डंपलिंग किती मागवायची आणि कोणत्या क्रमाने? सूप डंपलिंग चॉपस्टिकने उचलताना फाटतं आणि सगळा रस्सा टोपलीत जातो, ते कसं टाळायचं? आईसाठी काय काय विचारून घ्यायचं? आणि वाढदिवसाला लांब नूडल्स खायची चिनी पद्धत असते म्हणतात, ती नेमकी काय आहे?

हॉटेलांची नावं नकोत, ऑर्डर कशी द्यावी तेवढं सांगा.

---

वाफ_आणि_वाटी

पहिली गोष्ट, पूर्ण ऑर्डर एका दमात देऊ नका. या हॉटेलांत वाफेचा विभाग, तव्याचा विभाग आणि नूडल्सची शेगडी वेगवेगळी चालतात. जे आधी तयार होतं ते आधी टेबलावर येतं. चार टोपल्या आणि तीन बाऊल नूडल्स एकदम आले की काहीतरी वाया जाणारच. वाफेच्या डंपलिंगची पारी टोपली उघडल्यापासून पाच मिनिटांत कडेने सुकायला लागते आणि रस्स्यातल्या नूडल्स तेवढ्याच वेळात फुगतात. तीन फेऱ्यांत मागवा. दुसरी फेरी पहिलीतली शेवटची टोपली टेबलावर आली की सांगायची, ती संपेपर्यंत थांबायचं नाही.

हिशोब प्लेटचा नको, नगांचा करा. टोपलीत कुठे ४ नग असतात, कुठे ६, कुठे ८. मेन्यूवर आकडा नसेल तर विचारा. मागून नूडल्स येणार असतील तर मोठ्या माणसाला ६ ते ७ नग आणि मुलाला ३ ते ४ पुरतात. तुमच्या टेबलाला साधारण ४० नग झाले. त्यातले ७-८ आईंचे वेगळे धरा.

पहिल्या फेरीत ठेचलेल्या काकडीचं थंड सॅलड, एक वॉनटन (पातळ पारीची डंपलिंग) सूप आणि सूप डंपलिंग. ही डंपलिंग सगळ्यांना मिळून दोनदा मागवा, एकदम नको. प्रत्येकाला एकावेळी एकच नग खाता येतो आणि उरलेले तोवर चिकटून बसतात. दुसऱ्या फेरीत उकडलेली डंपलिंग (चिली ऑइलमधली एक प्लेट, साधी एक) आणि पॉटस्टिकर, म्हणजे तव्यावर एका बाजूने कुरकुरीत केलेली डंपलिंग. तिसऱ्या फेरीत सात जणांत तीन बाऊल नूडल्स. चौथा बाऊल भरल्या पोटी कोणी संपवत नाही.

आता पारीबद्दल, कारण ते कळलं की मेन्यू आपोआप कळतो. मोदक करणाऱ्या घराला हे समजवावं लागत नाही. गार पाण्यात मळलेल्या कणकेची पारी चिवट आणि उसळती होते, ती पाण्यात उकडायच्या डंपलिंगला. उकळतं पाणी घालून केलेली पारी, म्हणजे गव्हाची उकडच, मऊ आणि सहज लाटली जाणारी. ती बहुतेक वाफवलेल्या डंपलिंगना आणि पॉटस्टिकरला. हार गाव हा कँटनचा कोळंबीचा प्रकार. त्याची पारी गव्हाचा स्टार्च आणि टॅपिओका यांच्या उकडीची, म्हणून ती अर्धपारदर्शक दिसते आणि आतली गुलाबी कोळंबी कळते. बावचं पीठ आंबवलेलं असतं, तो भरलेला पावच. सुई माय वरून उघडं असतं, त्याला मिटवलेलं तोंड नाही.

हॉटेल कसं आहे हे पहिल्या टोपलीत कळतं. वरची शेंडी, जिथे सगळ्या कळ्या एकत्र येतात, ती चावून बघा. तिथे कच्च्या पिठाची चव लागली तर पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ लाटलेली नाही. चांगला लाटणारा नेहमी कडा पातळ ठेवतो, कारण कळ्या पाडल्यावर तिथे थरांवर थर बसतात. सारण पारीपासून सुटून आत खुळखुळत असेल आणि भाजीचं पाणी सुटलेलं असेल तर कोबी मीठ लावून पिळलेला नाही, किंवा फ्रीझरमधला माल आहे. कच्च्या सूप डंपलिंगला वाफेवर सात-आठ मिनिटं लागतात. ऑर्डर दिल्यावर तीन मिनिटांत टोपली आली तर ती आधीच वाफवून ठेवलेली होती.

टोपली बांबूचीच का, हेही बघा. बांबूचं झाकण वाफ शोषून घेतं. धातूच्या झाकणावर जमलेलं पाणी परत डंपलिंगवर टपकतं, पारीवर ओले डाग पडतात आणि नेमकी तिथेच ती फाटते.

सूप डंपलिंग (चिनी नाव श्याओलोंगबाओ, श्याओलोंग म्हणजे छोटी वाफेची टोपली) मूळ शांघायजवळच्या नानश्यांगचं. रस्सा आत ओतलेला नसतो. हाडा-कातड्याचा दाट रस्सा थंड करून त्याची जेली करतात, तुकडे करून सारणात मिसळतात, वाफेवर ती वितळते. म्हणून आतला रस्सा उकळता असतो. खायची पद्धत अशी: टोपली आली की अर्धा-एक मिनिट थांबा. चॉपस्टिकची टोकं शेंडीच्या थोडी खाली धरून आधी डंपलिंग जरासं डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे ते खालच्या कागदापासून किंवा गाजराच्या चकतीपासून सुटेल. सुटल्याशिवाय वर ओढलं की बूड फाटतं. तुमचं फाटतंय ते बहुधा याचमुळे. सुटल्यावर शेंडीने उचलून खोलगट चमच्यात ठेवा, कडेला दातांनी छोटं भोक पाडा, वाफ जाऊ द्या, रस्सा पिऊन घ्या. मग वर आल्याच्या दोन काड्या आणि व्हिनेगरचे थेंब घालून बाकीचं खा. चॉपस्टिक जमत नसेल तर चमच्याची कड खाली सरकवा, काहीच बिघडत नाही. काट्याने मात्र टोचू नका.

सोबतची वाटी: काळं व्हिनेगर तीन भाग, सोया सॉस एक भाग, आल्याच्या बारीक काड्या. हे व्हिनेगर चिकट तांदळापासून करतात, च्यांगसू प्रांतातलं चेनच्यांग त्यासाठी प्रसिद्ध आहे. टेबलावरचं पांढरं, मिरच्या घातलेलं व्हिनेगर त्या जागी चालत नाही. त्याचा आंबटपणा नुसता टोचतो आणि रस्स्याची गोडी मारतो.

टेबल एसीच्या झोतापासून लांब मागा. पारी सुकवायला त्याच्याइतकं वाईट काही नाही.

---

घंटाळी

आईंसाठी लिहितो. मेन्यूवर हिरवा ठिपका आहे एवढ्यावर थांबू नका, चार ठिकाणी घोटाळा होतो.

रस्सा: व्हेज सूप आणि व्हेज नूडल्स सूप बऱ्याच ठिकाणी चिकन स्टॉकमध्ये होतं. "व्हेज आहे का" असं विचारलं की "हो" येतं. "स्टॉक कशाचा आहे, भाज्यांचा वेगळा करता का" असं विचारा.

सॉस: ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा अर्क. व्हेज स्टर-फ्रायमध्ये तो सवयीने पडतो. मशरूमपासून केलेला शाकाहारी ऑयस्टर सॉस मिळतो, कोणता वापरतात ते विचारा. एक्सओ सॉसमध्ये सुकवलेली कोळंबी असते, आपले सोडेच. चिली ऑइलची बरणी सगळ्या टेबलांवर फिरते, त्यातही कधी सोडे असतात.

अंडं: पिवळ्या दिसणाऱ्या नूडल्समध्ये अंडं असेलच असं नाही, नसेलच असंही नाही. क्षार घातला की पीठ आपोआप पिवळं पडतं. रंगावरून ठरवू नका. हॉट अँड सॉर सूपमध्ये शेवटी फेटलेलं अंडं सोडतात, ते आधीच बंद करायला सांगा.

आणि चौथी गोष्ट, जी कोणी विचारत नाही: टोपल्यांचा मनोरा. एकावर एक टोपल्या रचून वाफवतात, वरच्या टोपलीतला चिकनचा रस खाली टपकतो. व्हेजची टोपली सगळ्यात वर ठेवा किंवा वेगळ्या भांड्यावर ठेवा असं सांगावं लागतं. उकडलेल्या डंपलिंगचंही तेच, पाणी एकच असतं. पॉटस्टिकरचा तवासुद्धा.

व्हेज सूप डंपलिंग मिळालं तर आतली जेली अगार-अगारची (चायना ग्रासची) आहे ना, ते विचारा. प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास वितळतं, अगारला ८५ च्या आसपास तापमान लागतं. वाफ कमी दिली तर आत गिळगिळीत गोळे तसेच राहतात. आणि ३५-४० अंशांखाली आलं की अगार परत घट्ट होतं. म्हणून आईंची टोपली आली की त्यांना लगेच खायला लावा, फोटो नंतर.

बाकी मशरूम-वॉटर चेस्टनट, पालक-कॉर्न, टोफू-कोबी ही सारणं बहुतेक ठिकाणी असतात. मशरूमचं घ्या. कोबी-गाजराच्या सारणात चव सॉसच्या भरवशावर असते, मशरूमला स्वतःची असते.

तुम्ही पोर्क खात नाही, तर चिकन सूप डंपलिंगलाही जेली कशाची हे विचारा. मूळ पद्धतीत ती डुकराच्या कातड्याची असते.

---

सेक्टर_सतरा

नूडल्सचं मी सांगते.

वाढदिवसाच्या लांब नूडल्स खऱ्या आहेत. चिनी नाव शोउम्येन, म्हणजे दीर्घायुष्याच्या नूडल्स. लांबी म्हणजे आयुष्य, म्हणून वाढताना त्या कापत नाहीत. बुकिंग करतानाच सांगा की ७५ वा वाढदिवस आहे, एक बाऊल न तोडता वाढा. बाबांना कवळी आहे म्हणून बारीक गव्हाच्या नूडल्स मागा आणि दीड-दोन मिनिटं जास्त शिजवायला सांगा. हाताने ओढलेल्या जाड नूडल्स त्यांना देऊ नका, त्यांचा चिवटपणा हाच त्यांचा गुण असतो आणि कवळीला तोच त्रास. हार गावची पारीही टाळूला आणि कवळीला चिकटते. वॉनटन सूप त्यांच्यासाठी सगळ्यात चांगलं. पारी कागदासारखी पातळ असते, चावावी लागतच नाही.

भाच्याला ओढलेल्या नूडल्स बनताना दाखवा. काचेमागे करतात तिथे बसा. गोळा ओढून दुमडला की दोन दोर, परत दुमडला की चार. सात वेळा दुमडला की १२८, आठव्याला २५६. चीनमधल्या लांचौ शहराच्या गोमांसाच्या रस्स्यातल्या नूडल्स याच पद्धतीच्या. आपल्याकडे त्या चिकनच्या रस्स्यात मिळतात. पीठ एवढं ताणलं जातं ते क्षारयुक्त पाण्यामुळे. क्षार जास्त झाला तर साबणासारखा वास येतो. तसा आला तर बाऊल परत पाठवा, तो वास खाताना जात नाही.

शान्शी प्रांताच्या नूडल्स पिठाच्या ठोकळ्यावरून सुरीने तासून थेट उकळत्या पाण्यात टाकतात. त्यांच्या कडा पातळ आणि मध्य जाड असतो, त्यामुळे एकाच घासात मऊ आणि चिवट दोन्ही लागतं. मिळाल्या तर या नक्की घ्या.

दान दान नूडल्स कोरड्या असतात. तिळाची पेस्ट, मिरचीचं तेल आणि लोणचवलेली भाजी तळाशी, वर खिमा. आल्या की पहिल्या मिनिटात तळापासून पूर्ण कालवा. थांबलात की नूडल्सचा गोळा होतो आणि मसाला तळाशीच राहतो. गोळा झालाच तर नूडल्सचं गरम पाणी अर्धी वाटी मागून घाला, साधं पाणी नको.

यातला सिचुआन मिरीचा झणका पहिल्यांदा खाणाऱ्याला घाबरवतो. मालवणकडची मंडळी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालतात, ते याच कुळातलं. दोन्ही झँथोझायलम या वनस्पती-गटातली. तिरफळ आपण आमटीत सोडतो आणि खाताना बाजूला काढतो, इथे ती मिरी भाजून कुटून वरून घालतात. म्हणून ओठ आणि जीभ पाच-दहा मिनिटं बधिर होतात. ती ॲलर्जी नाही. पाणी पिऊन जातही नाही. भाच्यासाठी "मिरी नको" सांगा, नुसतं "कमी तिखट" सांगितलं तर मिरची कमी होते आणि मिरी राहते.

बाबांच्या बीपीचं: लोक अजिनोमोटोला घाबरतात आणि सोया सॉस ओततात. अजिनोमोटोत सोडियम साधारण १२ टक्के, मिठात ३९ टक्के. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २००० च्या आत राहायला सांगते. बाबांच्या वाटीत नुसतं काळं व्हिनेगर आणि आलं द्या, सोया नको. नूडल्सचा बाऊल संपवताना रस्सा मागे ठेवू द्या, मीठ बरंचसं त्यातच असतं.

---

तलावपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. टोपल्यांच्या मनोऱ्याचं तर कधी डोक्यातही आलं नव्हतं. अजून दोन शंका. भाचा मंचुरियन मागणारच, तिथे मागवावं का? आणि आत्या गुडघ्यामुळे येऊ शकत नाही, तिच्यासाठी ठाण्याला पार्सल आणायचं आहे. काय आणावं आणि परत गरम कसं करावं?

---

नेरूळ_पूर्व

मंचुरियन मेन्यूवर असेल तर मुलासाठी खुशाल घ्या. चीनमध्ये तो पदार्थ नाही, पण तो मुंबईचाच आहे: १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी केला असं मानतात. फक्त डंपलिंगच्या हॉटेलात तो बहुतेक वेळा मुख्य स्वयंपाक्याचा विषय नसतो. मुलाला त्याऐवजी पॉटस्टिकर आवडतील. एक बाजू कुरकुरीत, एक मऊ, तिखट नाही. कुरकुरीत बाजू वर करून वाढलेले हवेत. उलटे वाढले तर वाफेने बूड पाच मिनिटांत मऊ पडतं. सूप डंपलिंग त्याच्यासाठी तुम्ही फोडून, रस्सा चमच्यात गार करून द्या. त्याच्या हाती अख्खं देऊ नका, तोंड भाजतं.

वेळेचं: शनिवारी साडेआठला गेलात तर पाऊण तास बाहेर उभे राहाल आणि आत सगळं घाईत येईल. सातचं टेबल घ्या. दुपारी घड्या घालून ठेवलेला ताजा माल त्याच वेळी पहिला निघतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल सोयीची, पण बाबांसोबत येताय तर गाडीच बरी. मॉलमधलं हॉटेल असेल तर पार्किंगच्या कोणत्या लिफ्टने जवळ पडतं ते फोनवर विचारून ठेवा.

बिलात जीएसटी ५ टक्के (अडीच अधिक अडीच) ठीक आहे. सेवा शुल्क आपोआप लावलेलं असेल तर ते काढायला सांगू शकता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती कायम ठेवली. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाढणाऱ्या मुलाला टीप वेगळी हातात द्या, टोपल्या वेळेवर आणणं त्याच्याच हातात असतं.

---

वाफ_आणि_वाटी

आत्यांच्या पार्सलसाठी सूप डंपलिंग आणू नका. वाटेत रस्सा गार होऊन पारीत मुरतो, पारी डब्याला चिकटते, परत वाफवली की बूड फाटून जातं. हार गावही नको, त्याची पारी गार झाल्यावर रबर होते. रस्स्यातल्या नूडल्स आणायच्याच असतील तर रस्सा, नूडल्स आणि वरचं सामान तीन वेगळ्या डब्यांत मागा आणि नूडल्स एक मिनिट कमी शिजवायला सांगा. घरी रस्सा खळखळून उकळवून वर ओतला की नूडल्स त्यातच पूर्ण होतात.

सगळ्यात चांगले पोचतात ते बाव आणि पॉटस्टिकर. डब्याचं झाकण वाशी सोडेपर्यंत थोडं उघडं ठेवा, नाहीतर आत पाणी जमतं. बाव मोदकपात्रात, चाळणीवर कोबीचं पान ठेवून, पाणी उकळल्यावर पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये नुसते ठेवलेत तर कडेने चामड्यासारखे होतात. पॉटस्टिकरला तवा मध्यम आचेवर, चमचाभर तेल, डंपलिंग बुडावर उभे ठेवायचे, कडेने दोन मोठे चमचे पाणी सोडून लगेच झाकण. दोन मिनिटांनी झाकण काढा आणि पाण्याचा चरचर आवाज बदलून तेलाचा तडतड आवाज येईपर्यंत हात लावू नका. आवाज बदलला की बूड कुरकुरीत झालं आणि डंपलिंग तव्यावरून आपोआप सुटतं. त्याआधी उलथनं घातलंत तर बूड तव्यावरच राहील.

आल्याच्या काड्या आणि काळं व्हिनेगर छोट्या डबीत वेगळं मागून घ्या. ते पार्सलमध्ये आपणहून देत नाहीत.